अर्धा झगा आणि पूर्ण अंगरखा : तूर्सचे संत मार्टिन

दरवर्षी ११ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभा तूर्सचे बिशप संत मार्टिन ह्यांचा सण साजरा करते. आपल्याकडे त्या सुमारास भातकापणी आटोपत आलेली असते, पहाटे थोडा गारवा जाणवू लागतो आणि आगमनकाळाची चाहूल लागते. संत मार्टिन हे नाव उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. घोड्यावर बसलेला एक तरुण सैनिक आपला झगा तलवारीने कापतो आणि थंडीने कुडकुडणाऱ्या एका बेघर माणसाला त्यातला अर्धा देतो. युरोपातील असंख्य चर्चच्या रंगीत काचांवर हे दृश्य कोरले गेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस एल ग्रेको ह्या थोर चित्रकारानेही ते रंगविले.

चित्र सुंदर आहे, ह्यात शंका नाही. परंतु ते मार्टिनच्या तारुण्यातील एका दिवसाचे चित्र आहे. त्यानंतर ते अनेक वर्षे जगले, संन्यासी झाले, बिशप झाले. त्या उत्तरायुष्यात आणखी एका वस्त्राची हकिकत घडली. तिची चित्रे फारशी कोणी रंगविली नाहीत, प्रवचनांतूनही ती क्वचितच ऐकू येते. आम्हांला मात्र ती हकिकत अधिक जवळची वाटते, किंबहुना ती अधिक बोचते. म्हणूनच आज वाचकांसमोर त्यांचे चरित्र थोडे विस्ताराने ठेवीत आहोत.

ह्या चरित्रातील बहुतेक माहिती सुल्पिसियस सेव्हेरस नावाच्या एका सुशिक्षित वकिलाने लिहून ठेवली आहे. तो मार्टिनना स्वतः भेटला होता आणि त्यांच्या हयातीतच त्याने त्यांचे चरित्र लिहिले. नंतर त्याने त्या चरित्रात राहून गेलेल्या आठवणी संवादांच्या रूपात मांडल्या.

सैनिकाचा मुलगा

परंपरेनुसार मार्टिनचा जन्म इ. स. ३१६ च्या सुमारास सबारिया ह्या गावी झाला. आज ते गाव हंगेरी देशात आहे. वडील रोमन सैन्यात होते आणि पुढे ते अधिकारपदाला पोहोचले. मुलाचे नावदेखील त्यांनी मार्स ह्या रोमन युद्धदेवतेवरून ठेवले. आईवडील दोघेही ख्रिस्ती नव्हते. वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब इटलीतील पाविया येथे राहावयास आले आणि मार्टिनचे बालपण तेथेच गेले.

त्या काळी ख्रिस्ती धर्माला राज्यात नुकतेच स्वातंत्र्य मिळालेले होते. दहा वर्षांचा असताना मार्टिन आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध चर्चमध्ये गेला आणि आपल्याला दीक्षार्थी म्हणून स्वीकारावे, अशी त्याने विनंती केली. बाराव्या वर्षी त्याला अरण्यातील संन्याशांसारखे जगण्याची ओढ लागली. वडिलांना हे मुळीच रुचले नाही. निवृत्त सैनिकांच्या मुलांनी सैन्यात भरती व्हावे, असा सम्राटांचा हुकूम निघाला, तेव्हा वडिलांनीच मुलाचे नाव अधिकाऱ्यांना कळविले. पंधरा वर्षांच्या मार्टिनला पकडून, बेड्या घालून नेण्यात आले आणि त्याच्याकडून सैनिकी शपथ घेण्यात आली.

इतर अधिकाऱ्यांच्या दिमतीला नोकरांचा ताफा असे. मार्टिनने एकच नोकर ठेवला आणि त्याच्याशीही तो उलटाच वागू लागला. नोकराच्या पायांतील जोडे तो स्वतः काढी, स्वतः पुसून स्वच्छ करी. दोघे एकत्र जेवत आणि बहुतेक वेळा वाढण्याचे काम मार्टिनच करी. पगारातून रोजच्या जेवणापुरते ठेवून उरलेले तो गरिबांवर खर्च करी. त्याचा बाप्तिस्मा अद्याप झालेला नव्हता. परंतु बाप्तिस्म्यानंतर माणसाने जसे वागावे, तसे तो आधीच वागू लागला होता.

आमियेंच्या वेशीवर

त्या वर्षी गॉल प्रांतात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, हिवाळा नेहमीपेक्षा फार कडक होता. थंडीने माणसे मरत होती. अशा एके दिवशी आमियें शहराच्या वेशीवर मार्टिनला एक उघडा माणूस दिसला. येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे तो हात पसरीत होता आणि लोक त्याला ओलांडून पुढे जात होते. इतरांना दया आली नाही, तेव्हा हा माणूस देवाने आपल्यासाठीच राखून ठेवला आहे, असे मार्टिनला उमगले.

पण द्यायचे काय? जवळचे सारे त्याने आधीच वाटून टाकले होते. अंगावर शस्त्रे आणि एक साधा सैनिकी झगा, एवढेच उरले होते. त्याने तलवार उपसली, झगा मधोमध कापला, अर्धा त्या माणसाला दिला आणि उरलेला अर्धा पुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे. सुल्पिसियसच्या लेखनात ह्या प्रसंगी घोडा कोठेच नाही. घोडा मागाहून चित्रकारांनी आणला. मूळ हकिकतीत कोणी उंचावर बसून खाली दान टाकताना दिसत नाही. एकाच रस्त्यावर उभी असलेली दोन माणसे आणि त्यांच्यात वाटला गेलेला एक झगा, एवढेच दिसते.

फाटका झगा अंगावर घेतलेला सैनिक पाहून आजूबाजूचे काही लोक हसले. काहींना मात्र मनातून वाईट वाटले. त्यांच्याकडे मार्टिनपेक्षा कितीतरी अधिक होते आणि स्वतः उघडे न पडता ते त्या माणसाला पांघरूण देऊ शकले असते. दयेच्या कृत्याची ही एक किंमत असते. देणाऱ्याला थोडी थंडी सोसावी लागते आणि थोडे हसूही करून घ्यावे लागते. थंडीपेक्षा हसे होण्याची भीतीच आपल्याला अधिक मागे ओढते, असा आमचा अनुभव आहे.

त्या रात्री मार्टिनला स्वप्नात प्रभू येशू दिसला. त्याच्या अंगावर तोच अर्धा झगा होता. अद्याप बाप्तिस्मा न झालेल्या मार्टिनने आपल्याला हे वस्त्र पांघरले, असे प्रभू देवदूतांना सांगत होता. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील शेवटच्या न्यायाचा उतारा आपण सारे जाणतो. उघड्याला दिलेले वस्त्र आणि परक्याला दिलेला आसरा प्रभू स्वतःला दिलेला मानतो. मार्टिनच्या स्वप्नात तो उतारा जणू अंगावर झगा घालून समोर आला. ह्या दर्शनाने मार्टिन फुशारून गेला नाही. त्याने लगेच बाप्तिस्मा घेतला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता.

ज्या बेघर माणसाला तो झगा मिळाला, त्याचे पुढे काय झाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. त्याचे नावही इतिहासात नाही. मार्टिनने ते विचारून मग झगा कापला नाही.

सैनिक, संन्यासी, बिशप

बाप्तिस्म्यानंतरही मार्टिन काही काळ सैन्यात राहिला. पुढे इ. स. ३५६ मध्ये, आज जर्मनीत असलेल्या वर्म्स शहराजवळ लढाईची तयारी चालू असताना, सीझर जुलियन सैनिकांना बक्षिसी वाटीत होता. ती न घेता मार्टिनने सैन्यातून मुक्तता मागितली. यापुढे आपण ख्रिस्ताचे सैनिक आहोत आणि आपल्याला लढणे योग्य नाही, अशी त्याची भूमिका होती. त्याच्यावर भित्रेपणाचा आरोप झाला, तेव्हा दुसऱ्या दिवशी निःशस्त्र होऊन शत्रूच्या फळीपुढे उभे राहण्याची त्याने तयारी दाखविली. त्याला रात्रभर कैदेत ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी शत्रूनेच तहासाठी दूत पाठविले.

त्यानंतर मार्टिन प्वातिये येथील थोर बिशप संत हिलरी ह्यांच्याकडे गेला. हिलरी त्याला डिकन करू पाहत होते, परंतु आपण त्या पदास पात्र नाही, असे म्हणून त्याने त्याहून कनिष्ठ सेवा स्वीकारली. आईवडिलांना भेटण्यासाठी तो घरी गेला. आईने ख्रिस्ताचा स्वीकार केला, वडिलांनी केला नाही. ख्रिस्ताचे देवपण नाकारणाऱ्या एरियन पंथाला विरोध केल्याबद्दल त्याला फटके खावे लागले, गावातून हाकलून देण्यात आले आणि पुढे मिलान शहरातूनही हुसकावण्यात आले. काही काळ इटलीच्या किनाऱ्याजवळील एका ओसाड बेटावर कंदमुळे खाऊन त्याने दिवस काढले. बेघर होणे म्हणजे काय, हे आता त्याने स्वतः अनुभवले होते.

इ. स. ३६१ च्या सुमारास हिलरी ह्यांच्या साहाय्याने मार्टिन लिगुजे येथे राहू लागला. तेथे उभा राहिलेला मठ गॉलमधील पहिला मठ मानला जातो. दहा वर्षांनी, इ. स. ३७१ मध्ये, तूर्स शहराला बिशप हवा होता. लोकांना मार्टिनच हवे होते, परंतु ते मठ सोडून यावयास तयार नव्हते. अखेर एका नागरिकाने आपली पत्नी आजारी असल्याची बतावणी करून त्यांना बाहेर बोलावले आणि वाटेत दबा धरून बसलेल्या लोकांनी त्यांना शहरात नेले.

तेथे जमलेल्या बिशपांपैकी काहींनी मात्र हरकत घेतली. ह्या माणसाचे रूप सामान्य आहे, कपडे मळके आहेत, केस विस्कटलेले आहेत, असा माणूस बिशपपदाला शोभणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी त्यांचे ऐकले नाही. मार्टिन बिशप झाले आणि तरीही त्यांचा वेश बदलला नाही. शहराबाहेर मार्मूतिये येथे लाकडाच्या एका खोपटात ते राहू लागले. हळूहळू तेथे सुमारे ऐंशी शिष्य जमले. कोणाचीही स्वतःची अशी मालमत्ता नव्हती. सगळे काही सामायिक होते.

त्यांच्या साध्या वेशामुळे एकदा भलताच प्रसंग ओढवला. मठांना आणि धर्मग्रामांना भेटी देत मार्टिन रस्त्याने चालले होते. बरोबरचे लोक थोडे मागे राहिले होते. समोरून सरकारी गाडी आली. मार्टिन ह्यांचा काळा, जाडाभरडा झगा वाऱ्यावर हललेला पाहून खेचरे बुजली. गाडीतील सैनिक खाली उतरले आणि त्यांनी ह्या अनोळखी माणसाला चाबकाने व काठ्यांनी झोडपले. मार्टिन काही बोलले नाहीत. आपण बिशप आहोत, असे त्यांनी सांगितले नाही. शिष्य मागून येऊन पोहोचले, तेव्हा ते रक्तबंबाळ होऊन पडलेले होते. सैनिकांची खेचरे मात्र जागची हलेनात. आपण कोणाला मारले, हे कळल्यावर ते धावत आले आणि त्यांनी क्षमा मागितली. मार्टिन ह्यांनी त्यांना क्षमा करून वाटेला लावले.

त्या सैनिकांना पश्चात्ताप झाला, हे चांगलेच झाले. परंतु त्यांनी ज्याला मारले तो खरोखरच एखादा निराधार वाटसरू असता, तर त्यांना पश्चात्ताप झाला असता का, हा प्रश्न ही हकिकत वाचताना आम्हांला पडल्यावाचून राहत नाही.

दुसरे वस्त्र

आता त्या कमी परिचित हकिकतीकडे वळू या. मार्टिन बिशप होऊन काही काळ लोटला होता. हिवाळ्याचे दिवस होते. ते मिस्सासाठी चर्चकडे चालले असताना अर्धा उघडा असा एक गरीब माणूस त्यांच्यासमोर आला आणि त्याने वस्त्र मागितले. मार्टिन ह्यांनी मुख्य डिकनला बोलावून ह्या माणसाला ताबडतोब कपडे द्यावेत, असे सांगितले. मग ते नेहमीप्रमाणे चर्चलगतच्या खोलीत एका साध्या तिवईवर प्रार्थना करीत एकटेच बसले.

इकडे मुख्य डिकनने त्या कामात चालढकल केली. बराच वेळ वाट पाहून तो गरीब माणूस थेट मार्टिन ह्यांच्या खोलीत शिरला. मुख्य डिकनने आपल्याला फसविल्याची तक्रार त्याने केली आणि थंडीने तो रडू लागला. मार्टिन ह्यांनी मुख्य डिकनला पुन्हा बोलावले नाही. कोणाला दिसणार नाही अशा रीतीने त्यांनी वरच्या झग्याखालून आपला अंगरखा काढला, त्या माणसाच्या अंगावर घातला आणि त्याला निरोप दिला.

थोड्या वेळाने मुख्य डिकन आत आला. लोक खोळंबले आहेत, मिस्सा सुरू करण्याची वेळ झाली आहे, असे त्याने सांगितले. गरिबाला वस्त्र मिळाल्यावाचून आपल्याला चर्चमध्ये जाता येणार नाही, असे मार्टिन म्हणाले. ते स्वतःबद्दलच बोलत होते, पण वरून झगा असल्यामुळे मुख्य डिकनला ते समजले नाही. तो गरीब माणूस आता येथे नाही, असे त्याने सांगितले. वस्त्र आणा, घालणारा मिळेल, अशा अर्थाचे उत्तर मार्टिन ह्यांनी दिले. मुख्य डिकन चिडला. जवळच्या दुकानातून त्याने पाच नाण्यांना एक आखूड, खरखरीत, स्वस्तातले वस्त्र आणले आणि ते रागाने मार्टिन ह्यांच्या पायांपाशी ठेवले. मार्टिन ह्यांनी त्याला थोडा वेळ दाराबाहेर थांबावयास सांगितले, ते खरखरीत वस्त्र स्वतःच्या अंगावर चढविले आणि ते मिस्सा अर्पण करावयास वेदीकडे निघाले.

अठराव्या वर्षी सैनिक मार्टिनने अर्धा झगा दिला होता. आता बिशप मार्टिन ह्यांनी अख्खा अंगरखा दिला आणि गरिबासाठी आणलेले हलके वस्त्र स्वतः घेतले. पण आम्हांला ह्या हकिकतीत त्याहून मोठी गोष्ट दिसते. बिशप झाल्यावर दयेचे काम दुसऱ्याकडे सोपविण्याची सोय मार्टिन ह्यांना झाली होती. त्यासाठी माणूस होता, व्यवस्था होती आणि त्यांनी योग्य तो आदेशही दिलेला होता. आदेश दिल्याने आपले काम संपले, असे ते म्हणू शकले असते. परंतु व्यवस्था चुकली आणि तो माणूस दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी व्यवस्थेकडे बोट दाखविले नाही.

हे लिहिताना आम्हांला एक जुनी गोष्ट आठवते. काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यातील एका संध्याकाळी मुसळधार पाऊस पडत होता. चर्चच्या पोर्चमध्ये एक अनोळखी वृद्ध ओल्या कपड्यांनिशी बसलेला होता. आम्हांला एका सभेला जावयाचे होते. त्याची काही व्यवस्था करावी, असे आम्ही एकाला सांगितले आणि निश्चिंत मनाने निघून गेलो. सभेचा विषय धर्मग्रामातील दानधर्माच्या कार्याचे नियोजन हाच होता. रात्री परतलो तेव्हा तो वृद्ध तेथे नव्हता. ज्याला सांगितले होते, त्याने ते काम सकाळवर टाकले होते. त्याला आम्ही बोललो नाही, कारण दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. आमच्या खोलीत त्या वेळी दोन कोरड्या चादरी होत्या.

अखेरची वर्षे

मार्टिन ह्यांची दया केवळ वस्त्रदानापुरती नव्हती. पॅरिसच्या वेशीवर सर्वांनी टाळलेल्या एका कुष्ठरोग्याला त्यांनी जवळ घेऊन त्याचे चुंबन घेतले आणि त्याला आशीर्वाद दिला. तो रोगी बरा झाला, असे सुल्पिसियस लिहितो. एकदा आविशियानस नावाचा क्रूर सरदार बेड्या घातलेल्या कैद्यांची रांग घेऊन तूर्स शहरात आला. दुसऱ्या दिवशी त्यांचा छळ होणार होता. मध्यरात्री मार्टिन एकटे त्याच्या वाड्यापाशी गेले. दरवाजे बंद होते, म्हणून ते उंबरठ्यावरच आडवे पडून राहिले. अखेर सरदार स्वतः बाहेर आला आणि मार्टिन ह्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच त्यांच्या मनातले ओळखून त्याने कैद्यांना सोडून दिले. प्रिसिलियन आणि त्याचे अनुयायी ह्यांच्यावर पाखंडाचा आरोप होता, तेव्हा त्यांचे रक्त सांडू नये म्हणून मार्टिन ह्यांनी सम्राट मॅक्सिमसकडे रदबदली केली. सम्राटाने शब्द दिला, परंतु मार्टिन ह्यांची पाठ फिरताच तो मोडला. इ. स. ३८५ च्या सुमारास त्या लोकांना त्रियर येथे देहदंड झाला. ह्या गोष्टीचे दुःख मार्टिन ह्यांना अखेरपर्यंत राहिले.

वृद्धापकाळी कांद ह्या गावातील धर्मगुरूंमध्ये भांडण झाले, ते मिटविण्यासाठी मार्टिन तेथे गेले. समेट झाला, पण परतण्यापूर्वीच त्यांची शक्ती संपली. गोणपाट आणि राख ह्यांवर पडून प्रार्थना करीत ८ नोव्हेंबर ३९७ रोजी त्यांनी देह ठेवला. लुआर नदीतून त्यांचा देह नावेने तूर्सला आणण्यात आला आणि ११ नोव्हेंबर रोजी दफन झाले. त्यांना हौतात्म्य लाभले नव्हते. हौतात्म्य न पत्करताही ज्यांना लोकांनी संत म्हणून मान दिला, अशा पश्चिमेकडील पहिल्या संतांत त्यांची गणना होते.

त्यांचा झगा म्हणून मानले गेलेले वस्त्र फ्रँक राजांनी मोठ्या भक्तीने जतन केले. लॅटिन भाषेत अशा लहान झग्याला कापेल्ला म्हणत. ते वस्त्र जेथे ठेवीत त्या प्रार्थनास्थळालाही तेच नाव पडले आणि ते सांभाळणाऱ्या धर्मगुरूंनाही त्यावरूनच नाव मिळाले. आपण आज वापरतो ते चॅपल आणि चॅप्लेन हे शब्द तेथूनच आले आहेत. आपल्या गावातील प्रत्येक चॅपलच्या नावात एका बेघर माणसाशी वाटून घेतलेला झगा दडलेला आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

आपल्या दारी

पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी २००५ सालच्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात प्रेमकार्याविषयी लिहिताना संत मार्टिन ह्यांचा आवर्जून उल्लेख केला. व्यक्तीने स्वतः दिलेल्या प्रेमाच्या साक्षीची जागा दुसरे काहीच घेऊ शकत नाही, ह्याचे प्रतीक म्हणून त्यांनी मार्टिन ह्यांच्याकडे पाहिले. पोप फ्रान्सिस ह्यांनी सुरू केलेला जागतिक गरीब दिन २०१७ पासून नोव्हेंबर महिन्यातच, बहुधा संत मार्टिन ह्यांच्या सणाच्या आगेमागे येतो.

२०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात सुमारे १७.७ लाख लोक बेघर होते. हा आकडा वाचून मन दडपते आणि एकट्याने काय होणार, असे वाटते. आमियेंच्या वेशीवरही त्या हिवाळ्यात एकच माणूस गारठलेला नव्हता. मार्टिनकडे एकच झगा होता आणि समोर एक माणूस होता. तेवढ्यापुरते त्याने केले.

आपल्या धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीसारख्या संस्था निष्ठेने काम करतात. त्यांचे कार्य मोलाचे आहे आणि त्यांना सढळ हाताने साहाय्य केलेच पाहिजे. परंतु पेटीत पाकीट टाकले म्हणजे रेल्वे स्थानकाच्या पुलावर पडलेल्या माणसाला ओलांडून जाण्याची परवानगी आपल्याला मिळाली, असे नव्हे. त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, चहा पाजावा, एखादी चादर द्यावी, आजारी असल्यास दवाखान्यात पोहोचवावे. सगळे काही देता येणार नाही. अर्धे तरी देता येईल.

येत्या ११ नोव्हेंबरला मिस्साला जाताना चर्चच्या दारात कोणी बसलेले आहे का, हे क्षणभर थांबून पाहू या. मार्टिन ह्यांच्यासाठी त्या हिवाळ्यातील मिस्सा तेथूनच सुरू झाली होती. आपलीही तेथूनच सुरू व्हावी, ही प्रभुचरणी प्रार्थना.